बिनधुळीची खोली

भावाने क्लीनरूम बांधायची ठरवली. घरातल्या बाकी कोणीच ती कधी पाहिलेली नव्हती. आणि मी तिला अंगठा लावला!

आमच्या घरात 'कारखाना' या शब्दाचा अर्थ एकच. गणपतीचा कारखाना. अंगणाच्या पलीकडे पत्र्याची लांबलचक शेड, आत शाडूचा ढीग, प्लास्टरची पोती, साचे, रंगाचे डबे आणि जूननंतर पाऊल ठेवायला जागा उरणार नाही इतके बाप्पा. शाळेतून आलो की आईचं पहिलं वाक्य ठरलेलं, 'कारखान्यातून येत असाल तर पाय बाहेरच धुवा.' पांढऱ्या पावलांचे ठसे ओटीपर्यंत यायचेच. धूळ ही आमच्याकडे घरातल्या माणसासारखी. तिच्यावर ओरडायचं, पण तिला हाकलायचं नाही. तिच्यावर तर घर चालतं.

त्यामुळे २०२३च्या दिवाळीत चिवड्याची बशी हातात धरून दादाने जाहीर केलं, 'मला क्लीनरूम बांधायचीये,' तेव्हा पहिली दहा सेकंदं कोणी काहीच बोललं नाही. मग आजी म्हणाली, 'मंग ही काय घाण हाय?'

मला तरी कुठे माहीत होतं? मी मास कॉम केलेली. म्हणजे प्रत्येक विषयातलं तीनशे शब्दांपुरतं कळतं. क्लीनरूम म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पांढऱ्या सूटमधले, फक्त डोळे दिसणारे, चिप हातात धरलेले लोक आले. तैवान वगैरे. चिरनेर नव्हे.

चिरनेर म्हटलं की पुण्या-मुंबईचे मित्र म्हणतात, 'अटल सेतू उतरतो तेच ना?' नाही हो, ते चिर्ले. आमचं चिरनेर वेगळं. महागणपतीचं देऊळ आणि १९३०चा जंगल सत्याग्रह, ही आमची ओळख. तालुका उरण, पण बाजार पनवेलला, कॉलेज पनवेलला, दाताचा डॉक्टर पनवेलला. म्हणून कोणी विचारलं तर सरळ 'पनवेल' सांगून मोकळं व्हायचं.

दादा आठ वर्षं रसायनी-पाताळगंगा पट्ट्यातल्या औषध कंपन्यांमध्ये व्हॅलिडेशनचं काम करत होता. म्हणजे खोली, यंत्र, हवा, पाणी हे सगळं ठरवल्याप्रमाणे चालतंय का, ते मोजायचं आणि कागदावर सिद्ध करायचं. लग्नाच्या बाजारात समजावून सांगायला महाकठीण नोकरी! त्याच्या एका जुन्या साहेबांच्या ओळखीने जॉबवर्क मिळण्यासारखं होतं. हॉस्पिटलात वापरतात त्या प्लास्टिकच्या नळ्यांचे सेट जोडायचे, तपासायचे, पाउचमध्ये सील करायचे. निर्जंतुकीकरण दुसरीकडे व्हायचं. तसं ते करणाऱ्या सोयी आपल्याकडे आजच्या नाहीत. ट्रॉम्बेचं 'आयसोमेड' हे गॅमा किरणांचं केंद्र १९७४मध्येच सुरू झालं.

'मग शेवटी किरण मारून सगळं मरणारच असेल, तर आधी एवढी सोवळी खोली कशाला?' मी विचारलं. स्वतःवर खूश होऊन.

'आमटीत झुरळ पडलं आणि उकळून मेलं, तर ती आमटी तू खाशील?'

विषय संपला. पुढचं त्याने नंतर शांतपणे सांगितलं. जंतू मेला तरी त्याचे अवशेष नळीत राहतात आणि काही जिवाणूंच्या कवचाचे तुकडेसुद्धा रक्तात गेले तर ताप आणतात. धूळ तर किरणांनी मरतही नाही, ती तशीच रुग्णाच्या अंगात. शिवाय किरणांचा डोस किती द्यायचा, हे आधी किती जंतू होते त्यावर ठरतं. सुरुवात घाण असेल तर शेवटावर भरवसा ठेवता येत नाही.

आता जरा आकडे. घाबरू नका, मीही घाबरले होते. क्लीनरूममधली धूळ डोळ्यांना दिसतच नाही. मोजतात ते अर्ध्या मायक्रॉनचे आणि त्याहून मोठे कण. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या शंभराव्या हिश्शाची गोष्ट चालू आहे. आयएसओ १४६४४ नावाचं एक मानक आहे. त्यात दादाला हवा होता तो वर्ग ८, म्हणजे एका घनमीटर हवेत असे जास्तीत जास्त ३५ लाख २० हजार कण. ऐकायला भरपूर वाटतात ना? तुम्ही आत्ता ज्या ऑफिसात बसून हे वाचताय, त्या हवेत याच्या कितीतरी पट असू शकतात. इंजेक्शन भरतात तिथे वर्ग ५ लागतो, तिथे हाच आकडा ३,५२० वर येतो.

आणि या खोलीतली सगळ्यात घाण वस्तू कोणती? टेबल नाही, खोकी नाहीत. माणूस! आपण नुसते गप्प उभे राहिलो तरी कातडीचे, कपड्यांचे, केसांचे मिळून मिनिटाला लाखभर कण झडतात, आणि चालायला लागलो की ते दसपट-पन्नासपट होतात, असं या धंद्यात सांगतात. म्हणजे ऑफिसातला तुमचा तो सारखा फेऱ्या मारणारा बॉस... असो.

दादाने आधी काढलेला नकाशा माझ्याकडे अजून आहे. चौकोन, त्यात टेबलं, कोपऱ्यात 'दोन टनी एसी'. डोंबिवलीचे एक रिटायर्ड कन्सल्टंट काका त्याला ओळखीने मदत करत होते. ते तो कागद बघून म्हणाले, 'तू खोली काढलीयेस. मला हवा दाखव.'

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलंच नाही. मोठ्या लोकांची वाक्यं असतात तसं एक वाटलं. पण पुढचे सहा महिने दादा तेच करत होता. आधी वस्तू काय बनणार, ती किती नाजूक आहे. मग आत माणसं किती, ती कुठून येणार, चप्पल कुठे काढणार, हात कुठे धुणार, टोपी आधी की मास्क आधी. मग माल कुठून येणार, कारण पुठ्ठ्याचं खोकं आत चालत नाही, पुठ्ठा म्हणजे धुळीचं पोतं. माल बाहेर उघडून, पुसून, भिंतीतल्या दोन दारांच्या कपाटातून आत सरकवायचा. त्याला पासबॉक्स म्हणतात. त्याचं एक दार उघडं असताना दुसरं उघडतच नाही. मग हवा. आणि भिंती? सगळ्यात शेवटी. आपण घर बांधतो त्याच्या बरोब्बर उलटं.

हवेचं गणित त्याने मला वहीत करून दाखवलं. खोली वीस बाय वीस, उंची नऊ फूट, म्हणजे ३,६०० घनफूट हवा. ती तासाला किमान वीस वेळा बदलायची, म्हणजे दर तीन मिनिटांनी अख्खी खोली नवी. मिनिटाला १,२०० घनफूट हवा ढकलणारा पंखा, तिच्या वाटेत तीन टप्प्यांचे फिल्टर आणि शेवटचा छतात बसवलेला 'हेपा'. हा हेपा मोठा गमतीदार प्राणी आहे. काचेच्या अतिबारीक तंतूंचा कागद, घड्या घालून घालून चौकटीत बसवलेला. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो अडवतो. मला वाटलं, त्याहून बारीक कण निसटत असतील. तर नाही! अगदी बारीक कण हवेत वेडेवाकडे धडपडत जातात, त्यामुळे तंतूला आपटून चिकटतातच. सगळ्यात अवघड हा ०.३च्या आसपासचा मधलाच. ना धड जड, ना धड चंचल. प्रत्येक ऑफिसात एक असतो.

छतातून आलेली हवा खाली येते आणि भिंतीत जमिनीलगत असलेल्या जाळ्यांतून परत जाते, जाताना धूळ सोबत घेऊन. हवेलाच झाडू करायची ही कल्पना विलिस व्हिटफील्ड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाची, १९६०ची. त्याआधीच्या स्वच्छ खोल्यांत माणसं सारखी पुसापुशी करत बसायची. त्याच्या खोलीत कण इतके कमी निघाले, की मोजायचं यंत्रच बिघडलंय असं लोकांना आधी वाटलं म्हणे.

मग दाब. आतल्या खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवायचा, म्हणजे दार उघडलं की हवा आतून बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही. किती जास्त? कपडे बदलायच्या खोलीत १५ पास्कल, आतल्या खोलीत ३०. हे ३० पास्कल म्हणजे नळीतलं पाणी तीन मिलिमीटर वर चढेल एवढा दाब. तीन मिलिमीटर! एवढ्याशा गोष्टीवर सगळा डोलारा.

आणि पाऊस. कोकणातल्या जुलैची हवा तुम्हाला माहीत आहे, पापड अर्ध्या तासात मान टाकतो. आत आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास हवी. त्यासाठी हवा आधी चौदा-एक अंशांपर्यंत थंड करायची, तिच्यातलं पाणी गाळायचं आणि मग पुन्हा थोडी गरम करून खोलीत सोडायची. हे ऐकून बाबा पहिल्यांदा बोलले. 'म्हणजे वीज जाळून गार करायची आणि परत वीज जाळून गरम?' श्रावणात न सुकणाऱ्या मूर्तींपुढे पंखे लावून रात्र रात्र बसणाऱ्या माणसाला यात वेडेपणा दिसला नाही, खर्च दिसला.

खर्च. इथून खरं प्रकरण सुरू होतं.

दादाच्या डोक्यात जागा ठरलेली होती, आमची शेड. गणपती गेले की ती सहा महिने अर्धी रिकामीच असते. प्लास्टर चालणार की नाही, कोर्टात काय होणार, याची टांगती तलवार दरवर्षीची. बाबांची कंबर गेलेली. 'आज ना उद्या बंदच करायचंय,' असं दादा आईला म्हणाला. बाबांना नाही. पैशासाठी शेडची आणि मागच्या शेताची जमीन बँकेकडे तारण ठेवायची. सात-बारावर नावं बाबांचं, दादाचं आणि माझं. तेव्हा माझी सही लागणार. २००५च्या कायद्याने मुलीला हक्क दिला, हे मी इतक्या लेखांत लिहिलंय. पण हक्क म्हणजे एक दिवस कोणीतरी तुमच्यापुढे कागद सरकवतो आणि पेन देतो, हे त्या लेखांत नव्हतं.

काका शेड बघायला आले तो दिवस २५ सप्टेंबर २०२४. दादाने तारीख ठरवताना कॅलेंडर पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी गावात हुतात्मा दिन असतो. १९३०च्या याच तारखेला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला होता. गावात मानवंदना, पोलीस, पाहुणे, गाड्यांची रांग. काका तासभर उशिरा, घामाघूम होऊन आले. शेडमध्ये शिरले, एक बोट पोत्यावरून फिरवलं आणि बघत राहिले.

'धुळीचं मी बघून घेतो,' ते म्हणाले. 'फिल्टर लवकर भरतील, बदलू. पण इथे थ्री-फेज आहे का? पावसात वीज किती वेळा जाते? वीज गेली की पंखा थांबला, पंखा थांबला की दाब गेला. मग तुझी क्लीनरूम म्हणजे नुसती चांगल्या रंगाची खोली. आणि माणसं या मातीतूनच ये-जा करणार? एक तर हे ठेव, नाहीतर ते.'

बाबा दारात उभे होते. 'एक तर हे' म्हणताना काकांचं बोट ज्या साच्यांकडे होतं, ते आजोबांच्या हातचे होते.

त्या रात्रीचं मी सगळं सांगत नाही. घरोघरी असतं तसंच. त्यात वर्षभर गावात वेगळीच धामधूम. एमएमआरडीएच्या 'कर्नाळा-साई-चिरनेर' नवनगरात १२४ गावं घेतलेली, कोणाच्या जमिनीवर रस्ता पडणार आणि कोणाच्या जमिनीवर बाग, याच्याच गप्पा. लोक हरकतींचे अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येत होते, 'तुला लिवता येतं ना गो?' अशा वेळी जमीन तारण? मी सही केली नाही. दादाला म्हटलं, मला विचार करायचाय. तो म्हणाला, 'तू पुण्यात भाड्याने राहतेस, तुला कसला विचार?' मग आम्ही दोन महिने बोललो नाही. दिवाळीत एकमेकांना फॉरवर्ड केलेला फराळाचा फोटो, बस्स.

मी बरोबर होते, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. आजही पूर्ण वाटत नाही.

शेवटी काकांनीच मार्ग काढला. तळोजा एमआयडीसीत भाड्याचा गाळा, थ्री-फेज, वर मजबूत स्लॅब. तारणाशिवाय सरकारी हमीवरचं कर्ज, दादाचा पीएफ आणि वहिनीच्या पाटल्या. आधी दोन खोल्यांचा बेत होता, तिथे एकच. पहिल्या बजेटमध्ये बांधकाम जास्त आणि 'एसी' तीन लाख होता. शेवटच्या बजेटमध्ये एकतीस लाखांतले सतरा नुसते हवेचे. दिसणाऱ्या वस्तूंवर अर्ध्याहून कमी पैसे खर्च होतायत, ही गोष्ट बाबांच्या गळी शेवटपर्यंत उतरली नाही.

तळोजा म्हटल्यावर नातेवाइकांना वेगळंच काही वाटलं. २०२४च्या सप्टेंबरमध्येच राज्य मंत्रिमंडळाच्या उपसमितीने तिथे टॉवर आणि अदानींच्या ८३,९४७ कोटींच्या सेमीकंडक्टर प्रकल्पाला मंजुरी दिली होती. 'तुमच्या बाजूलाच चिप बनणार!' म्हणून फोन. मग २०२५मध्ये ती बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा दादाच्या गाळ्यात पॅनल उभी राहत होती. तो एवढंच म्हणाला, 'आपलं एकतीस लाखांचं तरी पुढे सरकतंय.'

एप्रिल-मे २०२५. मी पुण्याहून दर पंधरवड्याला जायचे. एक तर अपराधी वाटत होतं, दुसरं म्हणजे मला लेखाचा विषय दिसत होता. (फ्रीलान्सर ही जात फार वाईट.) भिंत आणि जमीन यांच्यात कोपराच नाही, गोलवा दिलेला, म्हणजे धूळ बसायला खाच नको. दारं आतल्या जास्त दाबाच्या बाजूला उघडणारी, म्हणजे दाबच त्यांना घट्ट बंद ठेवतो. लाकूड नाही, खिळे नाहीत, खिडकीला कठडा नाही. आपल्या घरात ज्या ज्या जागी आपण काहीतरी ठेवतो, त्या सगळ्या जागा इथे काढून टाकलेल्या.

आणि मग चार हेपा फिल्टर आले. खोक्यांवर मोठ्या लाल अक्षरांत सूचना. दादा ट्रान्सपोर्टवाल्याशी हुज्जत घालत होता. मला फोटो हवा होता. एक खोकं उघडलं, फिल्टर खिडकीकडे तिरका धरला. पांढऱ्याशुभ्र घड्या, उजेडात एकदम सुंदर. एका बाजूला जाळी, दुसरी बाजू उघडी. मी तो उघड्या बाजूने धरला होता. अंगठा जरा आत गेला. कागद दबल्यासारखा वाटला, एवढंच. फोटो मस्त आला. खोकं होतं तसं बंद केलं.

जूनमध्ये टेस्टिंग झालं. कण मोजले, पास. वर्ग ८च्या मर्यादेच्या खूप खाली. दाब बरोबर, धूर सोडून हवेची दिशा पाहिली, तीही बरोबर. पेढे आणायला माणूस पाठवला. मग फिल्टरची गळती चाचणी. वरून तेलकट धुक्यासारखे बारीक कण सोडतात आणि खालून फिल्टरचा इंच न् इंच एका नळीने हुंगत जातात. कुठेही ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त निसटलं तर नापास. पहिला पास, दुसरा पास. तिसऱ्याच्या कडेजवळ यंत्र ओरडलं.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, 'साहेब, कणांचा आकडा पास आहे ना! सिलिकॉन लावून टाकू, ऑडिटवाल्याला काय कळतंय?' दादा म्हणाला, बदला. मग चूक कोणाची, यावर बाचाबाची. कॉन्ट्रॅक्टरने फिल्टर बसवणाऱ्या पोराला समोर उभं केलं. वीस-एकवीस वर्षांचा असेल. तो सारखा तेच सांगत होता, 'मी जाळीच्याच बाजूने धरला होता.' त्याचे चार दिवसांचे पैसे कापले. मी तिथेच होते. हातात पेढ्यांचा बॉक्स.

मी काही बोलले नाही.

रात्रीच्या एसटीने पुण्याला निघाले. त्या आठवड्यात मला हाफकिनवर एक फीचर द्यायचं होतं. मुंबईच्या प्लेगवर लस काढणारा वाल्देमार हाफकिन, १८९७मध्ये स्वतःवर लस टोचून घेणारा, १८९९पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्रयोगशाळा चालवणारा. मला हिरोची गोष्ट लिहायची होती. वाचता वाचता ३० ऑक्टोबर १९०२वर आले. पंजाबातलं मुलकोवाल गाव. त्या दिवशी टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतले, क्रमांक ५३-एन. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिनला पदावरून दूर केलं. पण बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि त्याने तो नुसता कार्बोलिकमध्ये ढवळून त्यानेच बूच काढलं होतं. ही गोष्ट चौकशीत आलीच होती. तरी हाफकिनचं नाव धुऊन निघायला १९०७ उजाडलं.

घाटात बस थांबली होती. मी अंगठ्याकडे बघत होते. माझ्या चिमट्याने कोणी मेलं नव्हतं, हे खरं. पण चार दिवसांचे पैसे मेले होते.

दादाला फोन केला तेव्हा साडेअकरा वाजले होते. 'तिसऱ्या फिल्टरला छेद कसा पडला, मला माहितीये.'

'कसा?'

'फोटो काढताना. माझा अंगठा.'

मला वाटलं, आता सही, शेड, पाटल्या सगळं निघणार. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, 'बाकीच्या तिघांना हात लावलेलास?'

'नाही.'

'नीट आठव. घाई नको.'

मी आठवलं. खरंच नीट आठवलं. 'नाही. एकच खोकं उघडलं होतं.'

'बरं,' म्हणाला आणि फोन ठेवला. मला नंतर कळलं, त्याने लगेच कॉन्ट्रॅक्टरला फोन करून त्या पोराचे पैसे स्वतःच्या बिलातून द्यायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या साइटवर जाऊन त्याच्याशी बोलला. मलाही नेलं. काय बोलले ते इथे लिहायला मला लाज वाटते. तो पोरगा म्हणाला, 'जाऊ द्या ताई, मला माहीत होतं मी नाही केलं.'

फिल्टर नऊ हजारांचा. माझ्या दोन लेखांचं मानधन, जे तेव्हा यायचंच होतं. (अजून एकाचं यायचंय.)

पण दादाने पैशावर सोडलं नाही. चूक झाली की क्लीनरूमच्या फायलीत तिचा अहवाल जातो, त्याला डेव्हिएशन म्हणतात. 'तू जर्नलिस्ट ना? लिही. काय, कुठे, कधी, कोण, कसं.' मी लिहिला. त्याने परत केला. 'नकळत' खोडलं होतं. 'नकळत काय? खोक्यावर लिहिलेलं होतं.' पुन्हा लिहिला. या वेळी 'दुर्दैवाने' खोडलं. आठ वर्षांत एकाही संपादकाने माझी कॉपी इतक्या कडक नजरेने तपासली नसेल. तिसऱ्यांदा पास. शेवटी उपाय लिहायचा असतो: फिल्टरचं खोकं बसवायच्या जागेवरच उघडायचं, हातमोजे घालून, दोघांनी मिळून. मराठीतच लिहिला, कारण आता तिथे काम करणाऱ्या चौघीजणी, दोघी चिरनेरच्याच, मराठी वाचतात. कामावर आलेल्या प्रत्येकीला तो अहवाल दादा पहिल्याच दिवशी वाचायला देतो. माझ्या नावासकट.

ऑगस्टमध्ये खोली पूर्ण पास झाली, माणसं आत काम करत असतानासुद्धा. बाबा तेव्हा येऊ शकले नाहीत, २०२५चे गणपती २७ ऑगस्टला होते, सीझन. अनंत चतुर्दशी झाल्यावर आले. शेड आहे तिथेच आहे, साचेही. नवनगराचं आरक्षण कुठे पडेल ते पडेल.

त्यांना आत जायचा पूर्ण वेष देत होतो, तर नको म्हणाले. नखांत रंग होता. बाहेरच्या काचेतूनच बघत राहिले. आत चौघी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या, हात सावकाश हलवत होत्या. इथे भरभर हात हलवलेला चालत नाही. दाबाच्या गेजवर काटा तिसावर. 'रात्री पण चालू ठेवतोस?' बाबांनी विचारलं. दादा म्हणाला, हो, कमी वेगाने, नाहीतर ओल धरते. बाबांनी मान हलवली. हे त्यांना पटण्यासारखं होतं.

मग त्यांना टेबलावरची फाइल दिसली. चष्मा काढून, पुसून, डेव्हिएशन क्रमांक एक उभ्यानेच पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे.

'ही दरवर्षी एक तरी ओली सोंड वाकवायची,' दादाला म्हणाले. 'आम्ही फक्त लिहून ठेवलं नाही.'